बोंडाभोवतीचा गोल

औरंगपुऱ्यात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा, दोन मशिनी आणि एक पडदा. पडद्याआड बाई आली की मी तिच्या खांद्यावर टेप धरते आणि खाली पॉइंटपर्यंत आणते. पॉइंट म्हणजे छातीचं टोक. मग या पॉइंटपासून त्या पॉइंटपर्यंत. ही दोन मापं चुकली की कटोरी ब्लाऊज गेलाच म्हणून समजा. टक्स भलतीकडं जातात आणि बाई लग्नाच्या मांडवात बसून माझ्या नावानं बोटं मोडते.

माझ्या डाव्या बाजूला पॉइंट राहिला नाही. कॅन्सर झाला, तेवढी जागा काढली, किरणांचा शेक दिला, मी वाचले. लोक म्हणतात, शोभाताई, कॅन्सरशी काय झुंज दिली तुम्ही! मी कसली झुंज देते? मी भ्यायले. भ्यालेल्या माणसानं करू नये ते केलं, आणि ते माझ्या लेकीला आणि तिच्या तान्ह्या लेकराला भोगावं लागलं. दुसऱ्या कुणी तसं करू नये, एवढ्यासाठी हे सांगते. बाकी मला शहाणपण शिकवायची हौस नाही.

खपली

आमचं माहेर फुलंब्रीच्या पुढं, कपाशीचं गाव. तिकडं स्तनाच्या टोकाला बायका बोंड म्हणतात. कपाशीचं असतं तेही बोंडच. पण बोंडाभोवती जो गडद गोल असतो त्याला आमच्यात नावच नाही. ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल बोलणार कसं? आम्ही कधी बोललोच नाही.

माझ्या डाव्या बोंडाला खाज सुटली. मग बारीक कोंडा, मग खपली. खपली निघायची, खाली लाल दिसायचं, परत खपली. ब्लाऊजचं अस्तर लागत असंल म्हणून मी मलमलचं अस्तर लावून बघितलं. मेडिकलवाल्या पोराला सांगायची लाज वाटली, म्हणून "काखेत खाजतंय" म्हणून मलम आणलं. मलमाचा काय दोष? त्याला बिचाऱ्याला काखेचं काम सांगितलेलं.

शेवटी एकदा वहिनीला फोन केला. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको, दोघं गावाकडं शेती बघतात. म्हटलं, "वहिनी, बोंडाला खपली धरलीय बघा. कितीतरी महिने झाले, जातच नाही. आता भोवतीचा गोल पण खायला लागलीय."

वहिनीचा फोन स्पीकरवर. पलीकडून दादा ओरडला, "अगं, तुला कुठं वावर आलं? कुंडीत लावली का काय कपाशी?"

भावाला काय सांगणार? दादा आपला सुरूच. "अळीच असणार ती. निंबोळीचा अर्क मार. आन् ऐक, किडकं बोंड झाडावर ठिवू नको. तोडून पुरून टाक, नाय तर समदं झाड घेऊन बसंल."

वहिनीच्या तेवढ्यात ध्यानात आलं. "अहो, द्या इकडं तो फोन!" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. परत काही तिनं लावला नाही, मीही लावला नाही. नंदेच्या बोंडाची चौकशी करायला तिला अवघड आणि सांगायला मला. मी एकटीच मशिनीवर बसून पोट धरधरून हसले. मग उठले आणि कडुलिंबाचा पाला वाटून लावला. खरंच लावला. हसायचं ते हसून झालं, पण दादाचं ऐकलंच.

तुकडा

एका गिऱ्हाईक बाईमुळं दवाखान्यात गेले. माप घेताना माझ्या ब्लाऊजला डाग दिसला तिला. "शोभाताई, दूध पाजायचं वय आहे का तुमचं?" म्हणाली. पन्नाशी आलेली माझी. दोघी हसलो, पण तिनं मला सोडलं नाही. तिच्या ओळखीच्या डॉक्टर मॅडमकडं चिठ्ठी देऊन पाठवलं.

मॅडमनी बघितलं आणि एकच विचारलं. "एकाच बाजूला आहे का?"

"व्हय."

"तुकडा काढून तपासू."

तुकड्याचा निकाल घ्यायला मी आणि आमचे हे गेलो. हे वाळूजला कंपनीत आहेत, त्यांनी सुट्टी टाकलेली. मॅडम हळू आवाजात सांगत होत्या आणि माझ्या डोक्यात एका नवरीचे ब्लाऊज. हळद जवळ आलेली, बाह्या लावायच्या राहिलेल्या. मॅडमचं बोलणं संपल्यावर मी म्हणाले, "बोंडाला पण कॅन्सर असतो का हो?"

"क्वचित होतो. बायकांना वाटतं खरूज आहे, इसब आहे. म्हणून उशिरा येतात."

यांनी तिथंच रुमाल तोंडाला लावला. यांना रडताना मी आधी एकदाच बघितलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा. मला यांचाच राग आला. म्हटलं, मेले नाही मी अजून, पुसा डोळे. बाहेर आल्यावर वाटलं, काय बाई मी, रडूसुद्धा दिलं नाही माणसाला.

गावाकडं कळवलं तेव्हा दादा पहिल्या एसटीनं आला. माझ्यासमोर बसला, चहा घेतला नाही. "शोभे, म्या तुला अर्क मारायला सांगितला गं," एवढंच परत परत म्हणत होता. मी त्याची समजूत घालायला चेष्टा केली. "अरे, अळीच निघाली शेवटी! तुझं निदान बरोबर होतं." तेव्हापासून घरात त्या आजाराला बोंडअळीच म्हणायला लागले. कॅन्सर म्हणायला जीभ रेटत नव्हती, बोंडअळी म्हणायला सोपं. पुढं याच शब्दानं घात केला.

शेक

ऑपरेशनमध्ये बोंड, भोवतीचा गोल आणि त्याखालचा भाग काढला. बाकी छाती राहिली. पट्टी सोडल्यावर आरशात बघितलं तर आडवी एक शिवण. शिवण चांगली होती, मला त्यातलं कळतं. पण काज राहिलं आणि बटण गेलं, तसं काहीतरी.

नंतर शेक, म्हणजे रेडिएशन. छातीवर जांभळ्या शाईनं रेघा ओढून देतात आणि म्हणतात पुसू नका. मी जन्मभर कापडावर खडूनं रेघा मारल्या, आता माझ्यावर मारल्या. रोज रिक्षानं जायचं, बाकावर बसायचं, नाव पुकारलं की आत. त्या बाकावर मला शमीमआपा भेटल्या. खुलताबादच्या, घरचं फुलं-चादरींचं छोटं दुकान. त्यांचा एक स्तन पूर्ण काढलेला, तरी बाकावर सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

"शोभा, तू बाद में अंदर जाती, तेरा डर पहले जाता," त्या म्हणायच्या. "जरा उसको बाहर बिठा के जा ना."

त्या डब्यात शेवया आणायच्या. मला चव लागत नव्हती, तरी बळंच दोन घास भरवायच्या. माझी सख्खी बहीण असती तरी एवढं केलं नसतं.

आणि याच दिवसांत माझी मेघा बाळंतपणाला आली.

मेघा माझी एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. जावई पुण्याला नोकरीत, सासरचे म्हणाले, विहीणबाई आजारी आहेत, राहू द्या इकडंच. मीच हट्ट धरला. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण मी करणार नाही तर कोण? आणि केलं काय? डिंकाचे लाडू यांनी युट्यूबवर बघून वळले, ते दगडासारखे झाले. बाळंतिणीनं उठून मला पाणी द्यायचं. मी शेक घेऊन येऊन भिंतीकडं तोंड करून पडायची. ओम झाला, गोरा गोमटा, भुकेला. त्याला मांडीवर घेतलं की डाव्या बाजूला धरायची भीती. मी त्या लेकराला उजवीकडंच धरत राहिले.

पट्टा

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. मेघा ओमला पाजत होती आणि तिनं ओठ दाबला. म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही मम्मी, दुखतंय जरा."

"दाखव."

मायलेकीत काय लाज? तरी आम्ही कधी एकमेकींना बघितलं नव्हतं. तिनं पदर बाजूला केला. बोंडाभोवतीचा गोल केवढा मोठा पसरलेला, काळाभोर, त्यावर बारीक बारीक पुळ्यांसारखे उंचवटे. एका बाजूचा मोठा, एका बाजूचा लहान. आणि बोंडाच्या कडेला खपली.

मी वाकून जवळून बघितलं.

"कधीपासून आहे हे?"

"अगं, बाळानं ओढलं, चिरलंय. सगळ्यांना होतं म्हणे."

"आणि हे काळं? या पुळ्या? आधी अशा होत्या का?"

"मला काय माहीत, मी कशाला बघत बसते?"

मला दुसरं काही दिसेचना. माझंही खपलीनंच सुरू झालेलं. मी दिलं हिला, माझ्या रक्तातून दिलं, आणि ती त्या लेकराच्या तोंडात देतेय. डोक्यात दादाचा आवाज. किडकं बोंड झाडावर ठिवू नको. लहानपणी कपाशीत मी स्वतः तोडलेली बोंडं, फोडली की आत अळी. तेच डोळ्यापुढं. कॅन्सर म्हणत राहिलो असतो तर कदाचित मॅडमना विचारलं असतं. पण घरात ती अळी होती, आणि अळीचं काय करायचं ते मला पाठ होतं.

"बंद कर," मी म्हणाले. "आजपासून पाजायचं बंद."

हे म्हणाले, "अगं, मॅडमना तर विचार." मॅडम दिवाळीला गावी गेलेल्या. दुसरे डॉक्टर नव्हते का? शहर भरून होते. पण दुसरीकडं नेलं आणि त्यांनीही "एकाच बाजूला आहे का?" विचारलं तर? तो प्रश्न परत ऐकायची माझी छाती नव्हती. मी यांच्यावर खेकसले, "तुमच्या अंगावर बेतलंय का कधी? मग गप्प बसा."

दूध सुकवायला छाती बांधतात, हे मी ऐकून होते. मग मी काय केलं असंल? मांजरपाट काढलं, दुहेरी घेतलं, मशिनीवर बसले आणि पट्टा शिवला. बंद लावले, मजबूत, डबल टीप मारून. माझ्या लेकीचं माप मला टेपशिवाय माहीत. स्वतःच्या हातानं तिला बांधला.

"मम्मी, घट्ट होतंय."

"घट्टच पाहिजे. तरच सुकंल."

"लई दुखतंय गं."

मी बंद आणखी ओढला.

ओम रडला. पावडरचं दूध तोंडात घेईना, बाटली जिभेनं ढकलायचा, आणि मेघाच्या अंगाशी तोंड घासायचा. मेघाला ताप भरला, छाती दगड झाली. बाहेर फटाके, दारात पणत्या, आणि आमच्या घरात ते लेकरू टाहो फोडतंय. मग हळूहळू त्यानं बाटली धरली. त्यानं बाटली धरली तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. आज ती साखर आठवली की तोंड कडू होतं.

मॅडम आल्या तशी मेघाला घेऊन गेले. त्यांनी नीट तपासलं, सोनोग्राफी केली. मग म्हणाल्या, "काहीही नाही. बाळंतपणात हा गोल गडद होतो, पसरतो. हे उंचवटे म्हणजे तेलाच्या ग्रंथी, त्या सगळ्यांनाच असतात, पाजताना ठळक दिसतात. दोन बाजू सारख्या कुणाच्याच नसतात. आणि ती खपली चिरेची होती, भरलीसुद्धा. पण दूध कुठं गेलं? पाजायचं कुणी थांबवलं?"

मी बोलणारच होते.

मेघा म्हणाली, "मीच. मला भीती वाटली."

मी बोलले नाही. सगळ्या आजारात जे केलं आणि जे नाही केलं, त्यात हे सगळ्यात वाईट. लेकीनं माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते खोटं पदरात घेऊन घरी आले.

मॅडमनी परत पाजायला लावलं. मेघानं जीव तोडून प्रयत्न केला. थोडं आलं, ओमला पुरलं नाही, तोही चिडून तोंड फिरवायचा. शेवटी तेही आटलं. बाटलीवर वाढलेली लेकरं धडधाकट असतात, ओमही आहे. पण लेकराच्या तोंडचं काढणं म्हणतात ना, ते मी शब्दशः केलं.

मेघा मला एका शब्दानं बोलली नाही. सासरी गेली, फोन करायची, गोळ्या घेतल्या का विचारायची. बोलली असती तर बरं झालं असतं.

गोल

शेक संपून बरेच महिने झाले. तपासणीला गेले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "शोभाताई, त्या जागी गोल करून घ्यायचा का?"

मला वाटलं चेष्टा करतात. त्यांनी समजावलं. सिलिकॉनचं बोंड मिळतं, चिकटवायचं आणि काढून ठेवायचं. नाही तर तिथलीच कातडी उचलून लहानसं ऑपरेशन करून टोक करतात. किंवा नुसता गोल गोंदतात, सावली अशी देतात की टोक आहे असंच वाटावं. गोंदलेलं पुढं फिकट होतं, परत रंग भरावा लागतो. शेक झालेल्या कातडीला जपून करावं लागतं. नाही केलं तरी काही बिघडत नाही.

"नको," मी लगेच म्हणाले. "या वयात काय करायचंय?"

पण खरं सांगू? मला पाहिजे होतं. रोज आंघोळीला मी त्या बाजूला बघत नव्हते. दिवसभर दुसऱ्यांचे पॉइंट मोजायचे आणि आपल्या अंगावर मोकळं मैदान. पाहिजे होतं मला. आणि पाहिजे वाटलं की लगेच ओमचं बाटली ढकलणारं तोंड डोळ्यापुढं यायचं. लेकीचं चांगलं भरलेलं मी सुकवलं आणि आता स्वतःला नटवू? हीच शिक्षा मी मला देऊन ठेवली होती. कुणाला सांगितली नव्हती.

शमीमआपांना तपासणीला विचारलं, तुम्ही काय केलं? त्या म्हणाल्या, "मेरेकू गोंदना नको, हमारे में नहीं चलता. मैं वो चिपकाने वाली ली. एक दिन मिली नहीं, पूरा घर ढूंढी. मालूम कहाँ मिली? आटे की परात में! बहू चीख मारी." आम्ही दोघी बाकावर एवढ्या हसलो की नर्स ओरडली. मग त्या एकदम थांबल्या. "तू कर ले गे. मन है तो कायकू दबाती?"

मी फाइल उचलली आणि आत गेले.

दरम्यान दुकानात एक वेगळंच सुरू झालं. माझं ऑपरेशन कुठलं झालंय ते गिऱ्हाइकांत पसरलेलं. बायका पडद्याआड आल्या की कुजबुजायला लागल्या. एकीचं बोंड जन्मापासून आत वळलेलं, ती घाबरलेली. एकीला गोलाच्या कडेला केस. एक लग्न ठरलेली मुलगी, चांगली शिकलेली, तिला तो गोल गुलाबी पाहिजे, मोबाइलवर क्रीम बघितलेली. लावून कातडी भाजून घेतलेली. तो गोल लहान करायचं ऑपरेशनही तिला करायचं होतं. मी तिला मॅडमकडं पाठवलं. मॅडमनी तिला सांगितलं, ऑपरेशन होतं, पण वण राहतो, तिथली जाणीव कमी होऊ शकते, पुढं पाजायला अडचण येऊ शकते. सगळं ऐकून घे, मग ठरव. तिनं तूर्त क्रीम फेकून दिली.

मॅडमचं ऐकून ऐकून मीही पोपटासारखी बोलायला लागले. अगं, कुणाचा रुपयाएवढा, कुणाचा पुरीएवढा. कुणाचा गव्हाळ, कुणाचा जांभळासारखा. पहिल्यापासून जसं आहे तसं ते तुझं. घाबरायचं कशाला? नवीन काही बदललं, एकाच बाजूला खपली धरली आणि जाईना, पाणी आलं, आत ओढलं गेलं, तर मात्र डॉक्टर. माझ्याकडं नको, मेडिकलवाल्या पोराकडं नको आणि माझ्या दादाकडं तर मुळीच नको.

बायका हसायच्या आणि मोकळ्या होऊन जायच्या. मी पडद्याआड तशीच उभी राहायची. हे सगळं मला तेव्हा माहीत असतं तर.

घट्ट होतंय का

ओम चालायला लागला तेव्हा मेघा राहायला आली. माझ्या मांडीवर तो पेंगत होता, आणि झोपेत लेकरं करतात तसं त्यानं माझ्या डाव्या बाजूला तोंड घासलं. मी त्याला पटकन उचलून उजवीकडं घेतलं. मेघा बघत होती.

"अजून डावीकडं घेत नाहीस त्याला?"

"सवय लागलीय."

"पप्पा म्हणाले, मॅडम गोल करून देणार होत्या, तू नाही म्हणालीस. का?"

"खर्च कशाला? या वयात..."

"मम्मी, खरं सांग."

मग आलं बाहेर. ओमला मांडीवर घेऊनच म्हणाले, "मी कुठल्या तोंडानं करू गं? मी तुझ्या लेकराच्या तोंडचं काढलं. आणि मॅडमसमोर तू माझं पाप अंगावर घेतलंस, तरी मी गप्प बसले. मला काही मागायचा हक्क आहे का?"

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे मम्मी. सगळे तेच म्हणतात.

"हो, काढलंस," मेघा म्हणाली. "मला लई राग आलता. तो बाटली ढकलायचा ना, तेव्हा मला तुझ्या हातातली कात्री घेऊन तो पट्टा टराटरा कापावा वाटायचं. अजून येतो राग. कुणी पाजताना दिसलं की येतो."

ती रडत होती. मीही. ओम जागा झाला आणि दोघींकडं बघायला लागला.

"मग बोलली का नाहीस?"

"तू मरशील असं वाटायचं ना! मरणाऱ्या माणसावर कसं ओरडायचं?" तिनं नाक पुसलं. "आता नाही मरत तू. आता ओरडते. आणि ते गोंदून घे. नाही घेतलंस म्हणून माझं दूध परत येणार आहे का?"

तिच्या ओरडण्यानं मला जेवढं बरं वाटलं, तेवढं कुठल्याच समजुतीनं वाटलं नव्हतं.

गोंदायला मेघाच सोबत आली. तिथल्या मॅडमनी रंगांचा तक्ता पुढं धरला. फिकट गुलाबीपासून काळ्यापर्यंत किती तरी छटा. उजवीकडं बघून जुळवायचा म्हणाल्या, पण माझा उजवीकडचा वयानं फिका पडलेला. मला ठरवता येईना. मेघानं तक्त्यावर बोट ठेवलं, चांगल्या गडद तपकिरीवर.

"हा होता."

"तुला काय माहीत?"

"तीन वर्षांची होईपर्यंत पीत होते म्हणून तूच सांगतेस ना गावभर?"

त्या मॅडमनाही हसू आवरेना. शेवटी तिनं दाखवलेला आणि उजवीकडचा, यांच्या मधला रंग ठरला.

शेक झालेल्या भागात फारसं दुखलं नाही, कडेला टोचलं. झाल्यावर मऊ पट्टी ठेवली आणि मॅडम म्हणाल्या, "चिकटपट्टी लावू नका, कातडी नाजूक आहे. वरून मऊ सुती कापडानं सैल बांधा. पुन्हा रंग भरायला बोलावू."

घरी आलो. माझ्याकडं सुती कापडाला काय तोटा? मी उठणार, एवढ्यात मेघानं तिच्या बॅगेतून एक घडी काढली. मी बघताच ओळखली. माझीच डबल टीप. मांजरपाट धुऊन धुऊन मलमलीसारखं मऊ झालेलं.

"ठेवलास तू हा?"

"टाकणार होते. मग ओमच्या अंगाखाली घालत गेले. चांगलं कापड आहे." ती माझ्यामागं आली. "हात वर कर."

मी हात वर केले. तिनं पट्टा माझ्या छातीवरून गुंडाळला. ज्या बंदांना मी मजबूत टीप मारली होती, तेच बंद तिच्या हातात.

"घट्ट होतंय का?"

"होऊ दे गं."

"होऊ दे काय? नीट सांग, मम्मी. होतंय का?"

होत होतं, थोडंसं. मला ते म्हणवेना. शेवटी म्हणाले, "व्हय, होतंय."

तिनं बंद सोडले आणि पुन्हा सैल बांधले. मग ओमला उचललं आणि माझ्या डाव्या कुशीत दिलं.